गांडूळ विकत घेऊ नका, पाळा

(लांजा, जि. रत्नागिरी येथे विदर्भ-मराठवाड्यातील कापूस व ज्वारी उत्पादक कार्यकर्त्यांच्या अभ्यासदौऱ्याच्या समारोपाला केलेले भाषण. जिल्हा बैठकांमध्ये वाचून दाखविण्यासाठी येथे देत आहोत.)



दोन दिवस आपण लांज्यात आहोत. येताना गाडीत एका भावाने मला विचारले, "साहेब, आम्ही काळ्या मातीची माणसं. या तांबड्या जांभ्यात, आंब्या-काजूच्या मुलखात आम्हाला काय दाखवायला नेता? यांच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे सातशे ते नऊशे, तोही मनाला येईल तेव्हा. यांचं आमच्या काय कामाचं?"

प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर काल दुपारी ज्या घरी आपण जेवलो, त्या घराच्या मागीलदारी होते. फणसाच्या सावलीत चार चिऱ्यांचा आडोसा, वर माडाच्या झावळ्यांचे छप्पर, आत ओला काळा कचरा आणि तो हाताने उकरला की वळवळणारी तांबडी गांडुळे. शेजारी अळू, वांगी, मिरची, चवळी, दोडक्याचा मांडव. त्या घरच्या काकींना आपल्यातल्या एका ताईने विचारले, "काकी, हे खत तुम्ही किलोला किती रुपयांनी विकता?" काकी हसल्या. म्हणाल्या, "विकायचं कशाला? मग माझ्या मिरचीला काय घालू?"

माझ्या आजच्या भाषणाचा अर्धा भाग काकींनी एका वाक्यात सांगून टाकला आहे. उरलेला अर्धा मी सांगतो.

लांज्याची आणि आपली चूक एकच

कोकणात भाताचे रोप टाकण्याआधी वाफा भाजण्याची पद्धत आहे. झाडांची कवळे तोडायची, रानातला पातेरा गोळा करायचा, शेण, गवत, माती यांचे थर द्यायचे आणि पेटवायचे. याला राब म्हणतात. तण मरते, राख मिळते, हे खरे आहे. पण डोंगरावरचा पाला दरवर्षी धूर होऊन जातो आणि उघडी पडलेली माती तीन हजार मिलिमीटर पावसाबरोबर नदीला मिळते. एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात या भागातल्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. राब न भाजता गादीवाफ्यावर रोपे करा, असे शेतीशास्त्राची माणसे येथे वर्षानुवर्षे सांगत आली. काही घरांनी ऐकले, काहींनी नाही. ज्यांनी पातेरा जाळायचा थांबवला, त्यांच्याकडे प्रश्न उभा राहिला की आता याचे करायचे काय. काकींच्या मागीलदारचा आडोसा हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

आता आपल्याकडे या. कापूस संपला की आपण पऱ्हाटी उपटतो आणि धुऱ्यावर पेटवतो. ज्वारीची धसकटे वेचून जाळतो. तुरीचे, सोयाबीनचे कुटार वाऱ्यावर सोडतो. नंतर जूनमध्ये खताच्या दुकानासमोर रांगेत उभे राहतो. लांज्याचा राब आणि वऱ्हाडातली पेटलेली पऱ्हाटी यांत फरक एवढाच की त्यांची माती पावसाने जाते आणि आपली उन्हाने. म्हणून आपण येथे आलो.

माझी चूक आधी सांगतो

मी कृषी पदवीधर आहे. गांडूळखताची शिफारस मी पुस्तकातून पाठ केली आणि नोकरीच्या पहिल्या वर्षांत गावोगाव सांगत फिरलो. एका योजनेत सिमेंटचे हौद बांधायचे होते. अर्धे पैसे योजनेचे, अर्धे शेतकऱ्याचे. एका गावात बचतगटाच्या बायकांनी कर्ज काढून हौद बांधले, किलोला काही शे रुपये देऊन गांडुळे आणली. हौद उघड्यावर, पत्र्याखाली. एप्रिल आला. पत्रा तापला, विहीर आटली, आणि आठ दिवसांत सगळी गांडुळे मेली. मी पाहणीला गेलो तेव्हा एका बाईने विचारले, "साहेब, गांडुळं तर मेली. आता हप्ता कोण भरंल?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या हौदात नंतर शेळ्यांचा चारा ठेवू लागले. असे हौद तुमच्याही गावात असतील. मी संघटनेच्या कामाकडे वळलो त्यामागे जी कारणे आहेत, त्यांतले एक तो प्रश्न आहे. म्हणून आज गांडुळाविषयी बोलताना मी प्रत्येक ठिकाणी एकच तपासणार आहे: यात शेतकऱ्याच्या घरातून पैसा बाहेर जातो की घरात राहतो?

एकराचा हिशेब

दुकानदार आणि कधीकधी अधिकारीही सांगतात, "एकरी एक टन गांडूळखत टाका, कपाशी सुधारेल." वही काढा, हिशेब करू.

चांगल्या गांडूळखतात नत्र दीड टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे एका टनात १५ किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के. म्हणजे १५ किलो नत्र साधारण ३३ किलो युरियात मिळते. ४५ किलोच्या, २६६ रुपयांच्या एका गोणीपेक्षाही कमी. हेच गांडूळखत आठ रुपये किलोने विकत घेतले तर एका टनाला ८,००० रुपये. शिवाय त्यातले सगळे नत्र पहिल्या हंगामात पिकाला मिळत नाही, ते हळूहळू सुटते.

कोणी म्हणेल, युरियाची किंमत सरकारी अनुदानाने कमी ठेवली आहे आणि गांडूळखतात स्फुरद, पालाश, सूक्ष्म द्रव्ये आणि सेंद्रिय पदार्थही असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण दुसरा आकडा पाहा. एका एकराची वरची सहा इंच माती वजनाने आठ-नऊ लाख किलो भरते. तिच्यात आपण एक हजार किलो खत टाकले. म्हणजे हजारात जेमतेम एक भाग. ज्या कोरडवाहू कापसाचा खर्च निघेल की नाही याचीच खात्री नाही, त्यात आठ हजारांचे हे विकतचे खत म्हणजे आठ हजारांचे नवे कर्ज. आणि पाच एकराला पुरेल इतके खत घरी करायचे म्हटले तर दहा-बारा टन शेण-कचरा हवा. ज्याच्या दावणीला एक गाय उरली आहे, त्याने तो कोठून आणायचा?

दावणी रिकाम्या का झाल्या, तेही आठवा. आपण ज्वारी सोडली, १९९० नंतर सोयाबीन वाढत गेले. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर बैल गेले, बैलांबरोबर शेण गेले. शेण गेल्यावर आता शेणाचे खत प्लास्टिकच्या पिशवीत भरून, वर गांडुळाचे चित्र छापून, आपल्यालाच विकायला येते. ही उलटी गंगा आहे.

तेव्हा विकतचे गांडूळखत कपाशीच्या एकराला नको. घरचे गांडूळखत घरच्या गुंठ्याला हवे. तेथे मात्र त्याच्यासारखे दुसरे काही नाही.

कोणते गांडूळ?

महाराष्ट्रात गांडुळाची चर्चा नवी नाही. पुण्यात डॉ. उदय भवाळकर यांनी गांडुळांवर काम केले. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून शेतकऱ्याला सांगितले की मोजा, लिहा, एकमेकांना कळवा. शहरातल्या गच्चीवरही पालापाचोळ्यातून भाजी होते, हे त्या चळवळीने दाखवले. दुसऱ्या बाजूला अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर. ते म्हणतात की खताच्या हौदातले विदेशी गांडूळ हे खरे गांडूळच नव्हे, खरे गांडूळ आपल्या जमिनीतले देशी. या वादात कार्यकर्त्यांची डोकी फिरतात, म्हणून थोडे शास्त्र सांगतो.

राहणीप्रमाणे गांडुळांचे तीन प्रकार आहेत. पहिला वर, कुजत्या कचऱ्यात राहतो, माती फारशी खात नाही. दुसरा मातीच्या वरच्या थरात आडवी बिळे करतो. तिसरा उभी खोल बिळे करतो, रात्री वर येऊन पाला खाली ओढून नेतो. खतासाठी सगळीकडे वापरले जाते ते आयसेनिया फेटिडा पहिल्या प्रकारातले, मूळचे युरोपातले. ते गांडूळच आहे, पण कचऱ्यातले गांडूळ आहे. त्याला तुमच्या कपाशीच्या रानात सोडले तर ते जगणार नाही. एवढ्यापुरते पाळेकरांचे म्हणणे धरून ठेवण्यासारखे आहे: रान भुसभुशीत करणारे गांडूळ वेगळे आणि ते आपल्याच रानात आहे. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत ते खोल जाऊन अंगाची गाठ मारून झोपते आणि पावसाबरोबर वर येते. कचऱ्यात राहणारे देशी गांडूळही आपल्याकडे आहे. ऑगस्टमध्ये ओल्या उकिरड्याखाली, न्हाणीच्या पाण्याजवळ उकरा, चपळ, तांबडे-जांभळे गांडूळ सापडेल. पेरिओनिक्स नावाचे हे गांडूळ खत उत्तम करते.

म्हणून पहिला नियम: गांडुळासाठी पैसा द्यायचा नाही. ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून ओंजळभर मागून आणा. तेही नसेल तर पावसाळ्यात ओल्या जागी, जेथे मातीवर गांडुळाच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या दिसतात, तेथे हात-दीड हात जागेवर अर्धा किलो शेण आणि अर्धा किलो गूळ दोन लिटर पाण्यात कालवून शिंपडा, वर पाला आणि ओले पोते टाका, तीन-चार आठवडे पाणी शिंपडत राहा. गांडुळे पोत्याखाली गोळा होतात. काही वर्षांपूर्वी "आमच्याकडून गांडुळे घ्या, वाढलेली आम्हीच परत घेऊ" असे सांगणारे फिरत. दोन महिन्यांत दुप्पट होणारा जीव दुसऱ्याने महाग भावाने परत का घ्यावा, हा प्रश्न आपण विचारला नाही आणि फसलो.

घर कसे बांधायचे

काकींना पावसाची भीती, म्हणून त्यांनी जमिनीच्या वर चिऱ्यांवर वाफा केला आणि छप्पर दिले. आपल्याला उन्हाची भीती. गांडुळाला २० ते ३० अंश मानवते, ३५ च्या वर ते हैराण होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ होते. म्हणून पत्रा नको, सिमेंट नको. कडुनिंबाखाली किंवा घराच्या उत्तरेला, जेथे दुपारचे ऊन येत नाही, तेथे जागा धरा. तीन बाजूंनी तुराट्यांची शेणमातीने लिंपलेली कुडाची भिंत, वर पऱ्हाटीचा किंवा पळसाच्या पानांचा जाड मांडव. वाफा तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, उंची दीड-दोन फूट. रुंदी एक मीटरच, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही.

तळाला चार बोटे पऱ्हाटीचे तुकडे. त्यांनी जादा पाणी निथळते आणि पऱ्हाटीचा उपयोगही होतो. पण तुकड्यांना न फुटलेली बोंडे राहू देऊ नका. त्यांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते. पऱ्हाटीचा ढीग उन्हाळाभर घराजवळ रचून ठेवणे म्हणजे पुढच्या वर्षीची अळी सांभाळणे. येथे कोकणात काजूच्या फळाला बोंडू म्हणतात. तो काकी शेणात मिसळून गांडुळाला घालतात. त्यांचा बोंडू गांडुळाला चालतो, आपले किडके बोंड चालत नाही, एवढे लक्षात ठेवा.

तुकड्यांवर अर्धे शेण, अर्धा काडीकचरा. कुटार, गव्हाणीतले उष्टे, झाडांचा पाला, भाजीची देठे. कडबा घालू नका. कडबा जनावराचा आहे, गांडुळाचा नाही. शेण ताजे नको, ते तापते. शेण-कचऱ्याचा ढीग करून पाणी मारून पंधरा-वीस दिवस ठेवा, एकदा उलथा. मनगटापर्यंत हात आत घाला. चटका लागला तर अजून थांबा. गार लागला तर वाफ्यात भरा. हे दिवस वाचवू नका, त्याला दुसरेही कारण आहे. ढीग तापतो तेव्हा तणाचे बी मरते. गांडुळाच्या वाफ्यात ती उष्णता येत नाही, म्हणून बी असलेले गाजरगवत थेट वाफ्यात घातले तर परसबागेत तुम्ही गाजरगवतच पेराल. गाजरगवत घ्यायचे तर फुलावर येण्याआधीचे. तणनाशक मारलेला पाला मुळीच नको.

मग वर गांडुळे सोडा. स्वतःच ती खाली जातात. किलोभर म्हणजे साधारण हजार गांडुळे असली तर वाफा लवकर चालतो. ओंजळभर असली तर दोन-तीन महिने थांबावे लागते, एवढेच. आयसेनियाच्या एका अंडकोशातून दोन-चार पिले निघतात, तीन आठवड्यांत बाहेर येतात आणि दीड-दोन महिन्यांत वयात येतात. वर ओले पोते. ओल किती? मूठभर खत दाबा. बोटांतून एखादा थेंब यावा, धार नाही. वास येऊ लागला तर पाणी जास्त झाले, सुका पाला मिसळा. मुंग्या आल्या तर वाफा कोरडा पडला, पाणी शिंपडा. कोंबडी, चिचुंद्री, घूस यांना तुराट्यांची झडप लावा. स्वयंपाकघरातले काहीही पातळ पसरून घाला, एका जागी ढीग करू नका. लिंबाची साले, लोणचे, मीठ, तेल, तिखट, हाडे आणि साबणाचे पाणी नको. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी जरूर घाला.

आणि उन्हाळा? मी ज्यात हरलो तो उन्हाळा. होळीनंतर खत काढून घ्या आणि वाफा बंद करा. बेण्यापुरती गांडुळे एका जुन्या माठात किंवा फुटक्या रांजणात, शेण-कचऱ्यासह ठेवा. तो माठ पिण्याच्या पाण्याच्या रांजणाशेजारी ओल्या वाळूत पुरा. तेथे घरातल्या बाईचा हात दिवसातून दहा वेळा जातोच, पाणी झिरपतेच. मृगाच्या पावसानंतर माठ वाफ्यात रिकामा करा. ज्या गावात माणसाला टँकर आहे तेथे एप्रिल-मेमध्ये गांडुळाचा वाफा पोसण्याचा हट्ट धरणे हा अडाणीपणा आहे, मग तो पदवीधराचा का असेना.

खत काढणे आणि वापरणे

अडीच-तीन महिन्यांत खत चहाच्या पूडसारखे काळसर, सुटे होते, पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. चार-पाच दिवस पाणी बंद करा. सावलीत पोत्यावर खताचा टोकदार ढीग करा. गांडुळे उजेड टाळून तळाला जातात. वरचे वरचे खत काढून घ्या, तळाची गांडुळे पुन्हा वाफ्यात. खत उन्हात वाळवू नका, त्यातले जिवाणू मरतात. ओलसर, सावलीत, पोत्यात ठेवा. अशा एका वाफ्यातून एका वेळी चारशे किलोच्या आसपास खत निघते. उन्हाळा सोडून वर्षात दोन-तीन वेळा.

आता एक गुंठा परसबाग धरा. शंभर चौरस मीटर. पालक, मेथी, अंबाडीच्या वाफ्याला चौरस मीटरला एक किलो, बी टाकण्याआधी वरच्या मातीत मिसळा. वांगी, मिरची, भेंडीला लावताना झाडाला दोन मुठी, फुलावर येताना पुन्हा दोन मुठी. दोडका, कारले, भोपळ्याच्या आळ्याला एक किलो. शेवगा, लिंबू, कढीपत्त्याला पावसाच्या सुरुवातीला तीन-चार किलो. रोपे करायची तर दोन-तीन भाग मातीला एक भाग खत. खत नेहमी संध्याकाळी, ओल्या मातीत द्यायचे, मातीने झाकायचे आणि वर पाला पसरायचा. कोरड्या मातीवर उघडे टाकलेले गांडूळखत म्हणजे फुकट गेलेले श्रम.

पाणी न्हाणीचे. वाटेत वाळूचा आणि विटांच्या तुकड्यांचा एक खड्डा करून त्यातून जाऊ द्या, पुढे केळी, अळू, शेवगा यांना सोडा. पालेभाजीला ते देऊ नका, तिला घागरीचे पाणी.

हिशेब काय? घरात दर आठवडी बाजारात दोनशे रुपयांची भाजी येते असे धरा. वर्षातले चाळीस आठवडे परसबागेने भाजी दिली तर ८,००० रुपये घरातून बाहेर गेले नाहीत. मघाचा एकराचा आकडा आठवतो ना? तोच आठ हजार. खत विकत घेऊन एका एकरावर पसरला तर मातीत हजारातला एक भाग. घरात राहिला तर पोरांच्या ताटात वर्षभर भाजी, तीही न फवारलेली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना आपले भाऊ विषबाधेने गेले, ते आपण विसरलेलो नाही. निदान ताटातल्या भाजीत तरी ते विष नको.

येथे जुनी आठवण करून देतो. १९९१ साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला. त्याचे पहिले अंग सीताशेती. घरच्या बाईने जमिनीच्या छोट्या तुकड्यावर, बाहेरून काही विकत न आणता केलेली शेती. त्याआधी लक्ष्मीमुक्तीत अनेकांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला होता. तो तुकडा नावावरच राहिला असेल तर आता त्यात वाफा करा. आणि एक सांगतो, गांडुळाचे काम घरातल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक काम म्हणून टाकू नका. वाफा भरणे, शेण वाहणे, खत चाळणे हे पुरुषांनी करायचे. वहीही दोघांनी मिळून लिहायची.

रानात काय?

मग कपाशीच्या रानाला काहीच नाही का? आहे, पण ते पिशवीत मिळत नाही. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवर पुस्तक लिहिले. इंग्लंडच्या कुरणांत मोजणी करून त्याने मांडले की एका एकरात गांडुळे वर्षाला दहा टनांहून अधिक माती पोटातून काढून वर टाकतात. ती ओली कुरणे, आपले कोरडे रान, त्यामुळे तेवढ्याची अपेक्षा आपण करणार नाही. पण विकतच्या एका टनापुढे फुकटची ही मजुरी केवढी आहे ते पाहा. ही मजुरी करणारा जीव तीन गोष्टी मागतो: ओल, सावली आणि खायला काडीकचरा.

पऱ्हाटी जाळू नका. बोंडे काढून ती बारीक करा आणि रानात पसरा. गावात श्रेडर भाड्याने मिळत असेल तर दहा जणांनी मिळून बोलवा. ज्वारीची धसकटे रानातच कुजू द्या. निंदलेले तण बी धरण्याआधी तासांत आडवे टाका. बांधावर गिरिपुष्प लावा, वर्षातून दोनदा छाटा, पाला तासांत. जमत असेल तर कपाशीच्या ओळींत ताग पेरून महिना-दीड महिन्यात कापून आच्छादन करा. उताराला आडवी पेरणी करा, म्हणजे पाणी थांबेल. आणि जमेल तेथे दाणेदार विष कमी करा. फोरेट आपण वर्षानुवर्षे मातीत मिसळले. २०२० अखेर त्यावर बंदी आली. तोवर गांडुळांच्या किती पिढ्या मेल्या कोण जाणे. हे सगळे एका वर्षात एकरभरावर करून पाहा, सगळ्या रानावर उडी घेऊ नका. पावसाळ्यात सकाळी जाऊन मातीवर विष्ठेच्या गोळ्या दिसतात का ते मोजा. त्या दिसल्या की समजा, मजूर कामावर आले.

शेवटचे

भावांनो, एक गोष्ट स्पष्ट बोलून थांबतो. उद्या कोणी मंचावरून म्हणेल की शेतकऱ्याने गांडूळ पाळावे, सेंद्रिय करावे, खर्च कमी होईल, मग भावाची ओरड कशाला? त्याला सांगा की परसबागेची भाजी आमची आम्ही पिकवू, त्यासाठी सल्ला नको. पण कापसाच्या क्विंटलमागे जो तोटा येतो तो गांडूळ भरून काढणार नाही. गांडूळ कर्ज फेडत नाही. भावाचा प्रश्न रानात सुटत नाही, तो बाजारात आणि दिल्लीत सोडवावा लागतो, आणि त्यासाठी आपल्याला उद्याही रस्त्यावर यावे लागेल. मात्र जो शेतकरी भाजीसाठी, खतासाठी, बियाण्यासाठी रोज कोणाच्या तरी दारात उभा आहे, त्याला लांबची लढाई लढता येत नाही. घरात चार महिन्यांची भाजी असली तर माणूस चार दिवस जास्त टिकतो.

म्हणून परत जाताना तीन कामे घेऊन जा. प्रत्येक गावात एका घरी एक वाफा, एक रुपया न देता आणलेल्या गांडुळांवर. त्या घरी एक वही, तिच्यात किती कचरा घातला, किती खत निघाले, किती भाजी विकत आणावी लागली नाही, ते दर आठवड्याला. आणि पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ती वही आणि डब्यातून ओंजळभर गांडुळे बरोबर आणायची, ज्या गावाकडे नाहीत त्या गावाला द्यायला. काकींनी काल आपल्याला डबाभर दिली आहेत. ती गाडीत सावलीला ठेवली आहेत. वाटेत पोत्यावर पाणी मारायला विसरू नका.